साथीतल्या महासर्वेक्षणाचा डेटा: अर्जापासून शेवटच्या फाइलपर्यंत

गेल्या महिन्यात आमच्या प्रकल्पाची फाइल एकदाची बंद झाली. कोविडच्या काळात फेसबुकवरून लोकांना तब्येतीविषयी रोज प्रश्न विचारणारे जे मोठे सर्वेक्षण चालले, त्यातली सुटी उत्तरे, म्हणजे एकेका माणसाचे वेगवेगळे उत्तर, मिळवायची, ती नीट वाचायची आणि त्यावर एक शोधनिबंध लिहायचा, एवढेच काम होते. त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. मी संख्याशास्त्र शिकवते. साथरोगांशी माझा संबंध त्याआधी पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांपुरताच होता. या वाटेने आधी जाऊन आलेले कोणी भेटले असते तर किती बरे झाले असते, असे मधल्या काळात फार वेळा वाटले. म्हणून तारीखवार लिहून ठेवते आहे. पुढच्या साथीत सर्वेक्षणाचे नाव वेगळे असेल, फॉर्मही वेगळे असतील, पण घोडे अडण्याच्या जागा बहुतेक याच असतील.

सुरुवात एप्रिल २०२० मधली. घरात बसून मी रोज संध्याकाळी रुग्णसंख्येचा आलेख काढत असे. आठ-दहा दिवसांत लक्षात आले, की हा आलेख आजाराबरोबर चाचण्यांचाही आहे. चाचण्या वाढल्या की रुग्ण वाढतात, सुट्टीच्या दिवशी नोंदी कमी झाल्या की दुसऱ्या दिवशी साथ ओसरल्यासारखी दिसते. आणि ज्याला ताप आहे पण चाचणीच मिळालेली नाही, तो माणूस कुठल्याच रकान्यात नाही. त्या माणसाचा विचार माझ्या मनातून जाईना.

त्याच सुमाराला वाचनात आले, की अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेल्फी गटाने ६ एप्रिलपासून फेसबुकच्या मदतीने रोजचे सर्वेक्षण सुरू केले आहे. हा गट आधी फ्लूच्या साथीचे अंदाज वर्तवण्याचे काम करत असे. २३ एप्रिलपासून मेरिलँड विद्यापीठाने हेच काम अमेरिकेबाहेरच्या जगासाठी हाती घेतले आणि पुढे ते दोनशेहून अधिक देश-प्रदेशांत पोहोचले.

मला सर्वांत आवडली ती त्याची बांधणी. फेसबुक आपल्या प्रौढ वापरकर्त्यांतून रोज एक यादृच्छिक नमुना काढायचे आणि त्या लोकांना न्यूजफीडच्या वरच्या बाजूला आमंत्रण दाखवायचे. त्यावर बोट ठेवले की माणूस फेसबुकबाहेर, विद्यापीठाच्या प्रश्नावलीवर जायचा. उत्तरे विद्यापीठाकडे राहायची, ती फेसबुकला दिसत नसत. विद्यापीठाला नाव कळत नसे, फक्त एक निरर्थक क्रमांक कळायचा. कुठल्या क्रमांकांनी प्रश्नावली पूर्ण केली तेवढे विद्यापीठ फेसबुकला कळवायचे आणि फेसबुक त्या प्रत्येक क्रमांकासाठी एक भारांक परत द्यायचे, म्हणजे हे उत्तर किती जणांच्या वतीने मोजायचे तो आकडा. माणूस कोण हे एकाला ठाऊक, तो काय म्हणाला हे दुसऱ्याला. आजारपणाबद्दल विचारताना इतकी काळजी घेतलेली पाहून मला विश्वास वाटला.

प्रश्न साधे होते. गेल्या २४ तासांत तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, खोकला, धाप, श्वास घ्यायला त्रास, घसादुखी आहे का? घरात किती माणसे, त्यांतली किती आजारी? तापाबरोबर खोकला, धाप किंवा श्वासाचा त्रास असेल तर ते 'कोविडसदृश आजार' म्हणून मोजले जाई. शिवाय एक प्रश्न असा, की तुमच्या परिसरात ओळखीचे कोणी असे आजारी आहे का? मला हा प्रश्न फार शहाणपणाचा वाटला. एका माणसाकडून एका घराची खबर मिळते, पण ओळखीच्यांबद्दल विचारले की अनेक घरांची मिळते. एखाद्या भागातून थोडीच उत्तरे आली तरी काहीतरी दिसते.

जून २०२० पासून मी डेल्फी गटाने सर्वांसाठी खुले ठेवलेले एकत्रित आकडे वापरू लागले. त्यासाठी परवानगी लागत नव्हती, फी नव्हती, करार नव्हता. आर ही संगणकभाषा येत असेल तर पहिला आलेख तासाभरात निघायचा. ज्या भागातून किमान १०० उत्तरे आली नसतील त्याचा आकडा गोपनीयतेसाठी दिला जात नसे. तुमचा प्रश्न या खुल्या आकड्यांवर सुटत असेल तर तिथेच थांबा, हा माझा पहिला आणि मनापासूनचा सल्ला. सुटी उत्तरे मागायला जाणे म्हणजे वेगळेच काम अंगावर घेणे.

माझा प्रश्न मात्र त्यावर सुटत नव्हता. ८ सप्टेंबर २०२० ला डेल्फी गटाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, प्रश्नावलीची चौथी आवृत्ती आली. तिच्यात मास्कबद्दल विचारले होते आणि घरात १८ वर्षांखालचे किती, ६५ वर्षांवरचे किती, हेही विचारले होते. त्या दिवसांत सगळीकडे एकच बोलणे कानावर येई: घरात म्हातारे माणूस आहे, म्हणून आम्ही जपतो. खरेच जपतात का, हे मला पाहायचे होते. त्यासाठी एकाच माणसाची दोन उत्तरे शेजारी ठेवायला हवीत, आणि एकत्रित आकड्यांत माणूस उरत नाही.

९ नोव्हेंबरला मी प्रस्ताव लिहायला बसले. दोन पानांचाच होता. प्रश्न काय, कुठले रकाने लागतील, डेटा कुठे ठेवणार, कोण कोण पाहणार. शेवटच्या दोन मुद्द्यांनाच जास्त वेळ लागला. सुरुवातीला मी मोघम लिहिले होते, 'संस्थेच्या संगणकावर'. सरांनी (प्रकल्पाचे प्रमुख म्हणून त्यांचे नाव होते) ते खोडले. म्हणाले, "कुठल्या संगणकावर, पासवर्ड कोणाकडे, डिस्क एन्क्रिप्ट आहे का, तू रजेवर गेलीस तर काय, हे सगळं लिही. हे प्रश्न तिकडून येणारच आहेत. आपणच आधी उत्तर द्यावं." ते खरे ठरले. पुढे तीन ठिकाणी हेच विचारले गेले आणि तिन्ही ठिकाणी तोच परिच्छेद कामी आला.

डेटा संशोधनासाठी विनामूल्य होता. पण करार संशोधकाशी होत नाही, संस्थेशी होतो. संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आमच्याकडे कोणालाच नक्की सांगता येईना. विभागप्रमुखांना वाटे कुलसचिवांना, कुलसचिवांच्या कार्यालयाला वाटे संचालकांना. त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही हा शोध पहिल्याच दिवशी घ्या, प्रस्तावाचा एक शब्द लिहिण्याआधी.

करारासाठी आमच्या एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे पाहणाऱ्या समितीची) मान्यता लागणार होती. ४ जानेवारी २०२१ ला अर्ज घेऊन गेले. फॉर्मवर एक ओळ होती, 'सहभागी व्यक्तींची संख्या', आणि पुढे चार चौकटी. उत्तरे तोपर्यंत एक कोटीच्या वर गेलेली. पण चौकटी कमी पडल्या ही खरी अडचण नव्हती. खरी अडचण ही, की व्यक्ती किती हे कोणालाच माहीत नव्हते. रोजचा नमुना वेगळा असतो, काही महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा आमंत्रण जाऊ शकते, आणि त्याची दोन उत्तरे एकमेकांशी जोडलेली नसतात. उत्तरे मोजता येतात, माणसे मोजता येत नाहीत. मी चौकटी रिकाम्या ठेवून खाली ते लिहिले. आवक-जावकच्या टेबलावरचे काका म्हणाले, "मॅडम, रिकामं ठेवलंत तर फाइल परत येईल." आलीच. कमिटी महिन्यातून एकदाच बसते, म्हणजे एक महिना गेला. दुसऱ्या वेळी मी 'लागू नाही' असे लिहून वेगळे पत्र जोडले: ही दुय्यम माहिती आहे, नावे नाहीत, आम्ही कोणालाही भेटणार नाही, प्रश्नावली भरण्याआधी प्रत्येकाची संमती सर्वेक्षणातच घेतली आहे, मूळ सर्वेक्षणाला त्या विद्यापीठाच्या कमिटीची मान्यता आहे. १९ फेब्रुवारीला पत्र मिळाले. हे जोडपत्र पहिल्याच वेळी लावले असते तर तो महिना वाचला असता.

मग करार विधी विभागाकडे गेला. वाद कुठल्या न्यायक्षेत्रात चालेल, भरपाईची जबाबदारी कोणाची, असे प्रश्न येत राहिले. सोमवारी फोन, गुरुवारी चक्कर, असे माझे बांधून घेतलेले वेळापत्रक होते. एकदा फाइल दहा दिवस एका कपाटावर पडून होती, कारण वरचे पान सुटून दुसऱ्या फाइलीला लागले होते. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, निम्मे कार्यालय आजारी होते. पण बाहेर साथ धावत असताना आपण एका सहीसाठी ताटकळत आहोत, याचा त्रास फार झाला. रात्री झोप येत नसे. काही वेळा वाटले, सोडून द्यावे.

एप्रिलच्या शेवटी मीच आजारी पडले. पहिल्या रात्री अंग तापलेले होते, पण थर्मामीटरचा सेल संपलेला. सकाळी नवा सेल घातला तेव्हा ९९.६ दाखवले. उशाशी प्रश्नावलीची छापील प्रत होती. मी ती प्रामाणिकपणे भरायला घेतली आणि पहिल्याच प्रश्नावर थांबले. गेल्या २४ तासांत १०० अंश ताप होता का? माझी खात्री होती की होता, पण मोजलेला नव्हता. मग धाप लागते का आणि श्वास घ्यायला त्रास होतो का, हे दोन वेगळे प्रश्न होते. जिना चढून आल्यावर मी खुर्चीत बसले होते आणि ते माझे कुठल्या प्रश्नात बसते हे मला ठरवता येईना. मी संख्याशास्त्राची शिक्षिका, प्रश्नावली तोंडपाठ असलेली, आणि मला ठरवता येईना. तेव्हापासून त्या डेटातल्या 'हो' आणि 'नाही'कडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. प्रत्येक 'हो'च्या मागे कोणीतरी असेच अंथरुणात पडून अंदाज बांधला असणार. तुम्ही कुठल्याही सर्वेक्षणाच्या डेटावर काम करणार असाल तर आधी ती प्रश्नावली स्वतः भरा, एका बैठकीत, फोनवर, छोट्या अक्षरांत. तिथे जे अडते ते कोडबुकमध्ये, म्हणजे रकान्यांचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेत, लिहिलेले नसते.

१४ मे २०२१ ला दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला करार आला, २७ मेला सर्व्हरवर जाण्याची सोय मिळाली. प्रस्तावापासून मोजले तर साडेसहा महिने. अटी सरळ होत्या: कोणाला ओळखण्याचा प्रयत्न करायचा नाही, ज्यांची नावे दिली आहेत त्यांच्यापलीकडे सुटी उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत, फक्त ठरलेल्या कामासाठी वापरायची. म्हणून या लेखात मी एकाही खऱ्या उत्तराचे वर्णन केलेले नाही.

पहिल्या दिवशी एक फाइल उघडली आणि बराच वेळ काही केलेच नाही, नुसते खाली खाली जात राहिले. एकेक ओळ म्हणजे एकेक माणूस, आणि मी शिक्षिका म्हणून आयुष्यभर ओळींना ओळीच म्हणत आले होते.

मग चुका सुरू झाल्या. तीन सांगते.

एका दिवसाची फाइल एकदाच येत नाही. लोक प्रश्नावली आज सुरू करून उद्या-परवा पूर्ण करतात, म्हणून त्याच तारखेची फाइल पुढचे काही दिवस नव्याने येत राहते, आधीच्या उत्तरांसकट. फाइलीच्या नावात दोन तारखा असतात, एक उत्तराची आणि एक नोंदीची. मी सगळ्या फाइली एकाखाली एक जोडल्या आणि कित्येक उत्तरे तीन-चारदा मोजली. आकडे बघून नमुना फारच भक्कम आहे असे वाटले होते. प्रत्येक तारखेची सर्वांत शेवटची फाइल तेवढी घ्यायची, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले होते. मी कागदपत्रे वाचण्याआधी जोडायला बसले होते.

दुसरी चूक उणे ९९ ची. प्रश्न दिसला पण उत्तर दिले नाही, तर तिथे उणे ९९ असते. मी घरातल्या माणसांची सरासरी काढली तर ती शून्याखाली गेली. ही चूक ओरडून सांगते म्हणून लगेच सापडली. जे रकाने एक आणि दोन अशा संकेतांचे असतात त्यांत ती इतक्या सहज दिसत नाही. म्हणून सरासरी वगैरे काढण्याआधी प्रत्येक रकान्याची वारंवारता सारणी, म्हणजे कुठले उत्तर किती वेळा आले ते, काढा, कितीही कंटाळा आला तरी. त्यातच अशक्य उत्तरेही सापडतात: घरात माणसांची भलतीच संख्या, लक्षणांच्या यादीतले सगळेच्या सगळे पर्याय निवडलेले. अशी उत्तरे मूठभर असतात, पण ज्या गटात मुळातच थोडे लोक आहेत त्याचा आकडा ती पार बदलून टाकतात.

तिसरी चूक मला आजही टोचते, कारण ती सापडायला तीन आठवडे लागले. मास्कचा आलेख फेब्रुवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात पायरीसारखा मोडत होता. मी त्याची कारणे शोधली, दोन परिच्छेद लिहिले, सरांना वाचूनही दाखवले. ते म्हणाले, "लोक एका दिवसात बदलत नसतात. प्रश्न बदलला असेल, बघ." आधीच्या आवृत्तीत 'गेल्या ५ दिवसांत' असे विचारले होते, आठव्या आवृत्तीपासून 'गेल्या ७ दिवसांत'. एका आकड्याचा फरक. आम्ही दोन्ही काळ वेगवेगळे ठेवले आणि मधली रेघ जोडली नाही. तेव्हापासून भिंतीवर सगळ्या आवृत्त्यांच्या तारखांचा एक लांब कागद लावला आणि कुठलाही आलेख काढला की आधी त्या कागदाशी ताडून पाहिला.

खर्चाचेही सांगते. डेटाला काही पडले नाही. पैसे गेले ते संगणकाची मेमरी वाढवण्यात, एन्क्रिप्ट होणाऱ्या दोन हार्ड डिस्कमध्ये आणि शेवटी जर्नलच्या शुल्कात. शुल्कात सवलतीसाठी अर्ज केला, अर्धे माफ झाले. सवलतीचा तो फॉर्म निबंध पाठवतानाच भरायचा असतो, नंतर कोणी ऐकत नाही. मेमरी वाढवण्याची खरे तर गरज नव्हती. सगळे रकाने उघडण्याऐवजी लागणारे वीस-पंचवीस रकाने वाचले असते तर जुन्या संगणकावर भागले असते.

ऑगस्टमध्ये उत्तर दिसू लागले. घरात ६५ वर्षांवरचे कोणी असेल तर लोक जास्त जपताना दिसत होते. मी खूश होते. मग एका दुपारी भाजी निवडता निवडता ध्यानात आले, की ज्या घरात ६५ वर्षांवरचे माणूस आहे त्या घरातून उत्तर देणारे बहुधा तेच माणूस असणार! म्हणजे मी घरच्यांची काळजी मोजत नव्हते, म्हाताऱ्यांची स्वतःची सावधगिरी मोजत होते. तशीच उठून संगणकापाशी गेले. उत्तर देणाऱ्याचे वय गटांत दिलेले असते. ५५ च्या आतलेच लोक घेऊन सगळे पुन्हा मांडले. फरक बराच लहान झाला. उरला तेवढ्याबद्दलच आम्ही लिहिले, आणि तेही जपून. ऑक्टोबर २०२१ मध्ये निबंध पाठवला.

८ डिसेंबर २०२१ ला नेचर या विज्ञानविषयक जर्नलमध्ये एक निबंध आला आणि माझ्या पोटात गोळा आला. व्हॅलरी ब्रॅडली, शाओ-ली मेंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लसीकरणाचे सर्वेक्षणांतले अंदाज सरकारी नोंदींशी ताडून पाहिले होते. मे २०२१ मध्ये, पहिला डोस घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण या फेसबुक सर्वेक्षणात प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के गुणांनी जास्त येत होते. आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे, आणि तरी हा फरक. अमेरिकेच्या जनगणना विभागाचे मोठे ऑनलाइन सर्वेक्षणही १४ गुणांनी चुकले होते. आठवड्याला हजारभर लोकांना विचारणारे, पण नमुना काळजीपूर्वक निवडणारे अ‍ॅक्सिओस-इप्सॉसचे सर्वेक्षण त्यांच्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होते.

मी वर्गात दर वर्षी १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे उदाहरण शिकवते. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, लँडन जिंकणार असे त्यांनी छापले आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. नमुना मोठा असून उपयोग नाही, उत्तर न देणारे कोण आहेत ते बघा, असे मी मुलांना सांगत आले. आणि स्वतःच्या कामात मी ते पुरेसे पाहिले नव्हते. आमंत्रण दिसलेल्या शंभर जणांतले एक-दोनच उत्तर देत. भारांक वय आणि लिंग यांचा तोल सावरत, पण शिक्षणाचा नाही. ज्याला साथीबद्दल आस्था आहे, ज्याचा विद्यापीठावर विश्वास आहे, ज्याला वेळ आहे, तो प्रश्नावली भरतो. आणि बहुधा तोच लसही घेतो. नमुना जितका मोठा तितकी चुकीच्या आकड्याभोवतीची खात्री घट्ट होते. मेंग यांनी याला महाडेटाचा विरोधाभास म्हटले आहे.

दोन दिवस मी काहीच काम केले नाही. एवढ्या लोकांनी दिलेला वेळ वाया गेला की काय, असे वाटत राहिले. मग निबंध पुन्हा वाचला आणि डेल्फी गटातल्या संशोधकांनी मांडलेली बाजूही वाचली. त्यांचे म्हणणे, की या सर्वेक्षणातून पातळीचा एक नेमका आकडा काढणे हा मुख्य हेतू नव्हताच. तोच प्रश्न, त्याच पद्धतीने, रोज विचारला की चढ-उतार आणि गटागटांतले फरक दिसतात. साथीच्या अंदाजात हे आकडे मिसळले तर अंदाज थोडासा सुधारतो, हेही त्यांनी तपासून दाखवले होते. थोडासाच, आणि तसे त्यांनी लिहिलेही होते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. काटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी महिन्याभरात वजन वाढले की घटले ते त्यावर कळते. अट एवढीच, की काट्याची चूक रोज तेवढीच राहिली पाहिजे. लसीच्या बाबतीत ती राहिली नव्हती, महिन्यागणिक वाढत गेली होती. आपल्या प्रश्नात ती तशी राहते का, हे ज्याचे त्याने तपासायचे.

जानेवारी २०२२ मध्ये परीक्षकांचे अभिप्राय आले. अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या परीक्षकाने नेचरमधला तो निबंध पुढे केला होता. तीन महिने लागले. 'इतके टक्के लोक मास्क वापरतात' अशी सगळी वाक्ये काढली आणि 'उत्तर देणाऱ्यांमध्ये' असे शब्द घातले. शिक्षणाचे गट वेगळे करून प्रत्येकात तोच फरक दिसतो का, ते पाहिले. उत्तर न देणारे वेगळे वागत असतील तर आमचा निष्कर्ष कुठे मोडतो, याचे एक कोष्टक जोडले. निबंध लहान झाला आणि माझ्या मते चांगला झाला. ज्यांच्या हाती अजून अपुरा मसुदा आहे त्यांनी ते कोष्टक आधीच करावे. परीक्षकाने मागितल्यावर केले की ते बचावासारखे वाचले जाते.

त्यानंतर, २५ जून २०२२ ला, सर्वेक्षण थांबले. मला आमच्या कामासाठी त्या फाइलींची गरज नव्हती, आमचा काळ जून २०२१ लाच संपत होता. तरी त्या आठवड्यात मी दोन-तीनदा सर्व्हरवर जाऊन पाहिले. उशिरा पूर्ण झालेली उत्तरे घेऊन फाइली आणखी काही दिवस येत राहिल्या, मग यायच्या थांबल्या.

ऑगस्टमध्ये निबंध स्वीकारला गेला. गेल्या महिन्यात एथिक्स कमिटीला समाप्ती अहवाल दिला. आमच्या कमिटीच्या नियमाप्रमाणे सुटी उत्तरे पुसून टाकायची होती. कोड आणि एकत्रित कोष्टके ठेवता येतात, ती मी तीन ठिकाणी ठेवली आहेत. पुसण्याला साक्षीदाराची सही लागते. सर बाहेरगावी होते, म्हणून आवक-जावकचे काका वर आले. मी त्यांना फोल्डर दाखवला, तारखांची लांबलचक यादी सरकत गेली. ते म्हणाले, "एवढ्या लोकांनी लिहून पाठवलं होतं?" मी हो म्हटले. फोल्डर रिकामा झाला तेव्हा त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि विचारले, "मॅडम, दुसरी डिस्क होती ना?" ती कपाटात होती. काढली, तीही पुसली आणि दुसऱ्या ओळीवर त्यांची पुन्हा सही घेतली.